वाहून जाणारे की पोहत येणारे?



अकरावीच्या भौतिकीच्या अभ्यासात एक उदाहरण हमखास भेटते. नदीचा प्रवाह अमुक वेगाने वाहत आहे, नावाडी तमुक वेगाने नाव वल्हवत आहे, तर नाव पैलतीराला नेमकी कोठे लागेल? दोन्ही वेगांच्या दिशा ध्यानात घेऊन त्यांची बेरीज केली की उत्तर मिळते. आठवी-नववीच्या मुलालाही फळ्यावर दोन बाण काढून दाखवले तर ते समजते. आता कोणी म्हणाले की, "नावाडी वल्हवतच नाही असे धरू, म्हणजे गणित सोपे होईल," तर तुम्ही हसाल. गणित सोपे होईल खरे. पण मग नाव पैलतीराला लागणारच नाही!

गंमत अशी की, समुद्रातल्या माशांच्या पिल्लांबाबत नेमके हेच सोपे गणित विसाव्या शतकात बराच काळ मांडले जात होते. पिल्ले इवलीशी, समुद्र अफाट. तेव्हा प्रवाह नेईल तिकडे ती जाणार, असे गृहीत धरलेले होते. गोदावरीला पूर आला म्हणजे दुतोंड्या मारुतीला पाणी कोठवर चढले ते पाहायला आपण नाशिककर जमतो. त्या पुरात पालापाचोळा जसा वाहत जातो, तशीच ही पिल्ले समुद्रात वाहत असतील, असे मानले जाई.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रवाळभित्तींवरच्या माशांची पिल्ले पोहतात, आणि कोठे वस्ती करायची ते काही अंशी निवडतातही. म्हणून समुद्रातले मासे राखायचे असतील तर नुसत्या प्रवाहांच्या नकाशावर भिस्त ठेवून भागणार नाही. पिल्लांना यावेसे वाटेल अशी ठिकाणे आपण राखली पाहिजेत. आपल्या मालवणच्या आणि आंग्रिया बँकेच्या प्रवाळांना ही गोष्ट विशेष लागू पडते. हे मत कशाच्या आधारावर बनले, ते आता पाहू.

बालपणीच प्रवास

प्रवाळभित्ती म्हणजे प्रवाळ नावाच्या बारीक प्राण्यांनी चुन्याची घरे बांधून उभारलेला समुद्रातला खडक. त्याच्या कपारींतून रंगीबेरंगी मासे राहतात. यांतले बहुतेक मासे मोठेपणी आपला खडक सोडून फारसे दूर जात नाहीत. माणसे मोठेपणी नोकरीधंद्यासाठी गाव सोडतात. या माशांचे उलटे आहे. त्यांचा सारा प्रवास बालपणी होतो. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू खडक सोडून मोकळ्या समुद्रात जाते आणि तेथे वाढते. या अवस्थेतल्या पिल्लाला डिंभ म्हणतात. काही दिवसांनी डिंभ एखाद्या प्रवाळभित्तीवर येऊन स्थिरावतो आणि पुढचे आयुष्य तेथेच काढतो. क्लाऊन माशाचा हा काळ दहा-बारा दिवसांचा असतो, तर काही सर्जन माशांचा दोन महिन्यांच्या घरात जातो.

म्हणजे एका खडकावरचे मासे दुसऱ्या खडकावर पोचतात ते या डिंभांच्या रूपाने. एका ठिकाणी मासे संपले तर ते पुन्हा भरून येतील की नाही, हे डिंभ किती दूर आणि कोणत्या दिशेने जातात यावर ठरते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ मध्येच सांगितले होते की, माशांची आवक एखाद्या वर्षी भरपूर आणि एखाद्या वर्षी तुटपुंजी का होते, याचे उत्तर डिंभांच्या नशिबात शोधले पाहिजे. प्रवाहाबरोबर भलतीकडे वाहून जाणे हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक होते.

मग डिंभ पोहू शकत नाहीत ही समजूत का टिकली? एक कारण मोठे बोधप्रद आहे. डिंभ पकडायचे ते बारीक जाळे बोटीमागे ओढून. जे चपळ, ते जाळे येताच बाजूला सरकत. जे लहान आणि अशक्त, ते सापडत. सापडलेल्यांवरून साऱ्यांचा अंदाज बांधला जाई! दुसरे कारण असे की, सुरुवातीचा पुष्कळसा अभ्यास थंड समुद्रांतल्या हेरिंग, कॉड अशा माशांवर झाला होता. त्यांचे डिंभ उष्ण समुद्रातल्या प्रवाळमाशांच्या डिंभांइतके सशक्त नसतात. विद्यार्थ्यांनो, साधन जे टिपू शकते तेवढेच जग आहे असे मानणे हा विज्ञानातला नेहमीचा धोका आहे.

पन्हळीतली शर्यत

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ ग्रेट बॅरिअर रीफ ही जगातली सर्वांत मोठी प्रवाळरांग आहे. तिच्यातल्या लिझर्ड बेटावर इलोना स्टोबुट्झ्की आणि डेव्हिड बेलवूड यांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी रात्री पाण्यात दिव्यांचे सापळे लावले. दिव्याकडे आपण होऊन पोहत येणारे डिंभ त्यांत सापडले. हे डिंभ खडकावर स्थिरावण्याच्या बेतात आलेले होते. मग त्यांना एका पन्हळीत सोडले. पन्हळीत सेकंदाला १३.५ सें.मी. वेगाने समुद्राचे पाणी वाहत होते. जागेवर टिकायचे तर तेवढ्याच वेगाने उलट पोहायला हवे. खायला काही नाही, विसावा नाही. डिंभ थकून मागे रेटला जाईपर्यंत किती तास गेले, ते मोजायचे.

१९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष थक्क करणारे होते. डिंभ सरासरीने ८३.७ तास पोहत राहिले. वही-पेन्सिल घ्या आणि गुणाकार करा: ८३.७ × ३६०० × ०.१३५ मीटर. उत्तर येते ४० किलोमीटरांहून थोडे अधिक. म्हणजे साधारण नाशिकहून इगतपुरी. सर्जन माशांचे डिंभ तर सरासरीने १९४ तास टिकले. त्यांचे अंतर भरते ९४ कि.मी., म्हणजे नाशिकहून शिर्डी गाठून थोडे पुढेच.

डिंभ दीड सेंटिमीटर लांबीचा धरला तर ४० कि.मी. म्हणजे त्याच्या लांबीच्या सुमारे २७ लाख पट. दीड मीटर उंचीच्या मुलाने त्याच्या हिशेबाने पोहायचे म्हटले तर ४,००० कि.मी. होतील. नाशिकहून कन्याकुमारीला जाऊन परत आले तरी तेवढे अंतर पुरे होणार नाही.

पन्हळीत जे दिसले ते खुल्या समुद्रात खरे ठरते काय? सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममधले जेफ्री लीस आणि त्यांचे सहकारी यांनी डिंभ समुद्रात सोडले आणि पाणबुड्यांनी त्यांच्या मागोमाग पोहत जाऊन वेग मोजले. सुमारे पन्नास जातींचा सरासरी वेग निघाला सेकंदाला २० सें.मी.च्या आसपास. त्या भागातल्या प्रवाहाच्या सरासरी वेगापेक्षा तो जास्त होता. नावाडी वल्हवतो, एवढेच नव्हे, तर चांगला जोमाने वल्हवतो, हे असे सिद्ध झाले.

चिकट पाण्यातून मोकळ्या पाण्यात

भौतिकीचा शिक्षक या नात्याने येथे एक मुद्दा सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याला पाणी पातळ वाटते. नुकत्याच जन्मलेल्या डिंभाला ते तसे नसते. पाण्याला श्यानता असते, म्हणजे चिकटपणा असतो. पोहणारा प्राणी जितका लहान आणि जितका हळू, तितका हा चिकटपणा त्याला अधिक जाणवतो. तो किती जाणवेल हे सांगणारी एक संख्या आहे: रेनॉल्ड्स अंक. प्राण्याची लांबी आणि त्याचा वेग यांचा गुणाकार करायचा आणि त्याला पाण्याच्या श्यानतेने भागायचे. येथे श्यानतेचा आकडा मीटर व सेकंद या एककांत सुमारे दहालक्षांश घ्यायचा असतो.

अडीच मिलिमीटरचा डिंभ सेकंदाला ५ मि.मी. वेगाने चालला असेल तर हा अंक येतो १२-१३. एवढ्या लहान अंकाला पोहणे म्हणजे काकवीतून वाट काढणे. शेपटी थांबली की डिंभही जागच्या जागी थांबतो. तोच डिंभ वाढून दीड सेंटिमीटरचा झाला आणि सेकंदाला २० सें.मी. वेगाने पोहू लागला की अंक होतो सुमारे ३,०००. आता चिकटपणा मागे पडतो आणि जडत्वाचे राज्य सुरू होते. शेपटीचा एक फटकारा दिला की पुढे बराच वेळ घसरत जाता येते. लांबी सहा पट वाढली, पण रेनॉल्ड्स अंक दोनशे पटींहून अधिक वाढला! म्हणून डिंभाच्या अंगी पोहण्याचे बळ हळूहळू येत असले तरी त्याचा उपयोग मात्र झपाट्याने वाढतो.

यातून दोन सावधगिरीच्या सूचना निघतात. पहिली: सारे डिंभ पहिल्या दिवसापासून पोहून वाट काढतात असे समजू नका. सुरुवातीचे दिवस बव्हंशी वाहण्याचेच असतात. त्या दिवसांतही खाली-वर होऊन निरनिराळ्या खोलीवरच्या निरनिराळ्या प्रवाहांचा लाभ घेता येतो, हे मात्र खरे. दुसरी सूचना: "सेकंदाला शरीराच्या लांबीच्या नऊ पट" असले आकडे ऐकून भुलून जाऊ नका. प्रवाह पोहणाऱ्याची उंची विचारत नाही. त्याच्याशी झुंजताना उपयोगी पडतात ते सेकंदाला किती सेंटिमीटर, तेवढेच.

दिशा कोण सांगतो?

बळ असून दिशा ठाऊक नसेल तर नावाडी नदीतच गोल गोल फिरेल. डिंभांना दिशा कळते काय? याचेही प्रयोग झाले आहेत. प्रवाळभित्ती हे मोठे गोंगाटाचे ठिकाण आहे. तेथल्या कोळंब्या चटचट आवाज करतात, मासे घुमतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्टीव्हन सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी लहान लहान कृत्रिम खडक रचून काहींवर प्रवाळभित्तीचा ध्वनिमुद्रित आवाज लावला. आवाज असलेल्या खडकांवर अधिक पिल्ले येऊन स्थिरावली. कार्डिनल माशांचे डिंभ आपल्या खडकाच्या पाण्याचा वास ओळखतात असे २००७ च्या प्रयोगांत, तर सूर्यावरून दिशा ठरवतात असे २०१३ च्या प्रयोगांत दिसून आले.

ही पिल्ले जातात तरी कोठे? लिझर्ड बेटावरच जेफ्री जोन्स आणि सहकाऱ्यांनी डॅमसेल माशाच्या एक कोटीहून अधिक अंड्यांतल्या गर्भांवर खूण केली. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. औषधाच्या साहाय्याने त्या खड्यात न पुसणारी रेघ उमटवली. पुढे पकडलेल्या सुमारे ५,००० पिल्लांत खूण असलेली १५ सापडली. खूण एकूण अंड्यांच्या थोड्याच भागावर केलेली होती. तो हिशेब करून त्यांनी १९९९ मध्ये अंदाज सांगितला की, त्या बेटावर येणाऱ्या पिल्लांपैकी १५ ते ६० टक्के तेथलीच असावीत. पापुआ न्यू गिनीमधल्या किंबे उपसागरातल्या एका चिमुकल्या बेटावर २००७ मध्ये क्लाऊन मासा आणि फुलपाखरू मासा यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे स्थिरावलेल्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के त्याच बेटावर जन्मलेली निघाली. समुद्रात दिवसांमागून दिवस काढून घरी परत!

मालवण आणि आंग्रिया बँक

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने तेथे २९.१२ चौ. कि.मी. क्षेत्राचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. दुसरे ठिकाण विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ कि.मी.वर आहे. तेथे समुद्रात बुडालेले एक पठार आहे, सुमारे ४० कि.मी. लांब आणि १५ कि.मी. रुंद. त्याचा माथा पृष्ठभागाखाली सुमारे २० मीटरांवर आहे, आणि त्यावर प्रवाळ वाढले आहेत. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ कि.मी., एवढाच पट्टा आपला प्रादेशिक समुद्र असतो. आंग्रिया बँक त्याच्या पुष्कळ पलीकडे आहे. त्यामुळे तिला संरक्षण द्यायचे तर १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या केंद्रीय कायद्याचा आधार घ्यावा लागतो. २०२० मध्ये तशा प्रस्तावाला राज्यात मान्यता देण्यात आली.

येथे आपले नाव-नदीचे गणित उपयोगी पडते. समजा, किनारा सरळ उत्तर-दक्षिण आहे, आणि आंग्रिया बँकेवरचा एक डिंभ सेकंदाला १३.५ सें.मी. वेगाने सरळ पूर्वेकडे पोहत निघाला. १०५ कि.मी. जायला त्याला नऊ दिवस लागतील. आता दक्षिणेकडे सेकंदाला २० सें.मी. वेगाचा प्रवाह आहे असे धरा. किती दिवस लागतील? तेवढेच, नऊ! प्रवाह काटकोनात असल्याने तो किनाऱ्याकडचा वेग कमीही करत नाही आणि वाढवतही नाही. तो ठरवतो ते फक्त किनाऱ्याला लागण्याचे ठिकाण. नऊ दिवसांत डिंभ सुमारे १५५ कि.मी. दक्षिणेला सरकेल, म्हणजे महाराष्ट्राची हद्द ओलांडून जाईल. आणि न पोहणारा डिंभ? तोही तितकाच दक्षिणेला जाईल, पण किनाऱ्याच्या जवळ एक मीटरही येणार नाही.

शिवाय आपला प्रवाह बारमाही एका दिशेचा नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याजवळचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, तर हिवाळ्यात उत्तरेकडे. म्हणजे मासे कोणत्या महिन्यात अंडी घालतात यावर त्यांच्या पिल्लांचा जिल्हाच काय, राज्यही बदलू शकते. अभयारण्याच्या सीमा आखताना हे सारे लक्षात घ्यायला नको काय?

मला काय वाटते

या विषयावर दोन प्रकारची मते ऐकू येतात, आणि मला दोन्ही आळशी वाटतात. पहिले मत: समुद्र अथांग आहे, येथले मासे संपले तर दुसरीकडून वाहत येतील. डिंभांचा मोठा हिस्सा जन्मस्थानाजवळच परततो असे जेथे जेथे आढळले, तेथे या मताचा पाया ढासळतो. आपल्या खडकाचे मासे संपवले तर शेजारचा खडक आपले कर्ज फेडीलच असे नाही. दुसरे मत: नकाशावर रेघ ओढून "अभयारण्य" असे लिहिले की काम झाले. धुळीचे कण असते तर ते चांगल्या खडकावर आणि उजाड खडकावर सारखेच पडले असते. पण डिंभ ऐकतो, हुंगतो आणि निवडतो. नांगर टाकून मोडलेल्या, पायांखाली तुडवलेल्या, गाळाने माखलेल्या, आवाज हरपलेल्या प्रवाळांकडे त्याने का यावे? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खराब झालेल्या प्रवाळांजवळ निरोगी प्रवाळभित्तीचा आवाज वाजवला, तेव्हा तेथे माशांची संख्या दुप्पट झाली. याचा अर्थ ध्वनिवर्धक विकत घ्या असा नव्हे. खडक जिवंत राहिला तर तो स्वतःच पिल्लांना हाका मारतो, हा त्याचा अर्थ.

मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला आहे. त्यांचा प्रश्न रास्त आहे: मासेमारीवर बंधने आली तर आमच्या चुलीचे काय? या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही, आकड्यांनी देता येते. ऑस्ट्रेलियाच्या केपल बेटांजवळ गोब्रा आणि तांबोशी यांच्या कुळांतल्या दोन जातींवर असा अभ्यास झाला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे मासेमारी बंद असलेले खडक एकूण क्षेत्राच्या २८ टक्केच होते. पण ३० कि.मी.च्या परिसरातल्या नव्या पिल्लांपैकी सुमारे निम्मी त्यांनी पुरवली होती. बंद क्षेत्राचा लाभ बाहेरच्या जाळ्यांनाही पोचतो, हे यावरून दिसले.

मात्र केपल बेटांचा आकडा उचलून मालवणला चिकटवणे हे विज्ञान नव्हे. आकडे उसने आणता येत नाहीत. पद्धत आणता येते. दिव्याचा सापळा, वाहत्या पाण्याची पन्हळ, घड्याळ आणि कानातल्या खड्याची तपासणी ही काही चंद्रावर जाण्याची सामग्री नव्हे. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, कोकणात महाविद्यालये आहेत, आणि कोणत्या महिन्यात कोणते मासे अंड्यांवर येतात याचे पिढीजात ज्ञान असलेले मच्छीमार आहेत. हे तिघे एकत्र यावेत, आपल्या पाण्यातल्या आपल्या माशांची मोजमापे ऋतुवार व्हावीत, आणि सीमा, बंदीचे महिने व नौकांचे मार्ग त्यावरून ठरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांनी मोजायला मदत केली, त्यांना निष्कर्ष परके वाटत नाहीत.

तुम्ही काय करावे?

नाशिकला समुद्र नाही, पण या प्रश्नाची सुरुवात टोपातही करता येते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात सोडतात ते गप्पी मासे दोन-तीन आणा. रुंद गोल टोपात पाणी घेऊन ते हाताने अलगद एकाच दिशेने फिरवा. त्यात चिमूटभर लाकडाचा भुसा टाका आणि मासे सोडा. भुसा गोल गोल फिरत राहील. मासे तोंड प्रवाहाकडे वळवून जागा धरण्याचा प्रयत्न करताना दिसतील. टोपाच्या कडेला दोन खुणा करून भुशाला त्यांमधले अंतर तोडायला किती सेकंद लागतात ते मोजा. तो झाला पाण्याचा वेग, आणि जागेवर टिकलेल्या माशाचाही तोच. थोडा वेळ पाहून मासे परत हौदात सोडा. प्रयोगासाठी त्यांना दमवून मारू नका. शिक्षकांना विनंती अशी की, सापेक्ष वेगाचा पाठ घेताना नावेबरोबर हा मासाही फळ्यावर काढावा.

आणि शाळेची सहल मालवणला गेलीच तर पाण्यात उतरल्यावर प्रवाळांवर उभे राहू नका, आठवण म्हणून तुकडा तोडू नका, आणि नावाड्याला नांगर वाळूत टाकण्याची विनंती करा. त्या घटकेला एखादा दीड सेंटिमीटरचा प्रवासी कित्येक दिवसांची मजल मारून त्याच खडकाच्या रोखाने येत असेल. त्याने आपले काम चोख केले आहे. खडक जागेवर शाबूत असणे, एवढेच काम आपल्याकडे उरते.